टॅगमध्ये लिहिलेलं आणि ब्राउझरला कळलेलं

पानावर एक साधा रकाना आहे. त्याचा टॅग असा: <इनपुट आयडी="जिल्हा" व्हॅल्यू="पुणे">. पान उघडलं की रकान्यात ‘पुणे’ दिसतं. वापरणारा ते खोडतो आणि ‘सातारा’ लिहितो. आता एफ-१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल उघडा, डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी("जिल्हा") असं म्हणून तो रकाना ‘जिल्हा’ या व्हेरिएबलमध्ये घ्या आणि त्याला दोन प्रश्न विचारा. जिल्हा.व्हॅल्यू विचारलं तर उत्तर येतं "सातारा". जिल्हा.गेटॲट्रिब्यूट("व्हॅल्यू") विचारलं तर उत्तर येतं "पुणे". दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

जावास्क्रिप्ट शिकणारे इथे हमखास अडखळतात. शिकवणारेही बरेचदा ‘पहिलं वापर, दुसरं विसर’ एवढं सांगून पुढे सरकतात. त्यामुळे तात्पुरतं काम भागतं, पण कोडं तसंच राहतं आणि महिन्याभराने दुसऱ्याच कपड्यांत समोर येतं: बंद केलेलं बटण चालू वाटतं, खूण काढलेली चौकट खूण असल्यासारखी वागते, दोन सारख्या लिंक वेगळ्या निघतात. या सगळ्यांचं मूळ एकच आहे. (कोडमधले शब्द या लेखात देवनागरीत छापले आहेत, टंकताना अर्थातच रोमन. ‘जिल्हा’ हे व्हेरिएबलचं नाव मात्र खरोखर देवनागरीत दिलं तरी जावास्क्रिप्टची काही हरकत नसते.)

सर्व्हरकडून येतो तो निव्वळ मजकूर. ब्राउझर तो वाचतो आणि प्रत्येक टॅगमागे स्मृतीत एक वस्तू उभी करतो. या वस्तूंच्या झाडाला डॉम म्हणतात. टॅगमध्ये जे जसं लिहिलं होतं ते त्या वस्तूजवळ नाव आणि मजकूर अशा जोड्यांच्या यादीत राहतं, ती ॲट्रिब्यूट्स. वस्तूची स्वतःची आजची स्थिती, म्हणजे रकान्यात आत्ता काय आहे, चौकटीवर खूण आहे का, लिंक नेमकी कुठे जाते, ती प्रॉपर्टीजमध्ये. सातबाऱ्यावर ज्वारी लिहिलेली असावी आणि शेतात ऊस उभा असावा, तसा हा प्रकार आहे. उतारा खोटा नसतो आणि ऊसही खोटा नसतो. आपल्याला नोंद हवी आहे की पीक, हे आपण ठरवायचं.

दोन वाटा मुळात पडल्या कशा, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला. तेव्हा मॉडेमवरचं इंटरनेट संथ होतं. भरलेला फॉर्म सर्व्हरकडे जाऊन ‘नाव लिहायचं राहिलं’ एवढाच निरोप घेऊन परत यायला बराच वेळ लागे. तपासणी ब्राउझरमध्येच झाली तर ती खेप वाचे. म्हणून नेटस्केप २ मध्ये जावास्क्रिप्टला फॉर्म, त्यातले रकाने आणि लिंक असं मोजकंच हाताळायला मिळालं, आणि तेही प्रॉपर्टीच्या रूपात. व्हॅल्यू होती, तिच्याशेजारी डिफॉल्टव्हॅल्यूही होती. गेटॲट्रिब्यूट नावाचं काही नव्हतंच.

ते आलं १ ऑक्टोबर १९९८ ला, वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने डॉमची पहिली पातळी प्रमाणित केली तेव्हा. त्या प्रमाणात एचटीएमएलबरोबर एक्सएमएलचाही विचार होता. एक्सएमएलमध्ये टॅग कोणीही स्वतःच्या मनाने बनवतो, त्यामुळे कोणत्या टॅगला कोणती प्रॉपर्टी असेल हे ब्राउझरला आधी माहीत असण्याची सोय नसते. अशा वेळी ‘या नावाने जे लिहिलं असेल ते दे’ असं सरसकट मागण्याची वाट हवी होती. जुनी वाट मोडली तर तोवरची पानं बंद पडली असती, म्हणून ती राहिली आणि नवी शेजारी आली. वेबवर जुनं सहसा टाकून देत नाहीत. त्या काटकसरीचे फायदे सगळेच घेतात, अडगळ मात्र नव्याने शिकणाऱ्याच्या वाट्याला येते.

रकान्याच्या बाबतीत या दुहेरी हिशेबाला व्यवहारातलं कारणही आहे. फॉर्मवरचं ‘रीसेट’ बटण दाबलं की रकान्यात पुन्हा ‘पुणे’ येतं. ते कुठून येतं? ॲट्रिब्यूटमधून. वापरणाऱ्याने काहीही टंकलं तरी मूळ नोंद जागेवर राहते, म्हणूनच परतीची वाट उरते. डिफॉल्टव्हॅल्यू ही प्रॉपर्टी म्हणजे त्याच नोंदीचं दुसरं नाव. वापरणाऱ्याने रकान्याला हात लावलेला नाही तोवर ॲट्रिब्यूट बदललं की रकान्यातला मजकूरही बदलतो. एकदा त्याने काही लिहिलं की ब्राउझर आतल्या आत एक निशाण लावतो आणि त्यानंतर ॲट्रिब्यूट कितीही बदला, लिहिलेलं हलत नाही. ‘सकाळी चालत होतं, आता चालत नाही’ अशा तक्रारींमागे कितीदा तरी हेच निशाण असतं. चेकबॉक्सचंही तसंच: चेक्ड हे ॲट्रिब्यूट पान आलं तेव्हाची गोष्ट सांगतं, चेक्ड ही प्रॉपर्टी आत्ताची. सीएसएसच्या सिलेक्टरमध्येही हा भेद पाळलेला आहे. चौकोनी कंसातलं [चेक्ड] नोंद बघतं, अपूर्णविरामाचं :चेक्ड प्रत्यक्ष खूण बघतं.

आता वाचण्याची रीत. गेटॲट्रिब्यूट मिळेल ते स्ट्रिंग म्हणूनच देतं, आकडा असो की आणखी काही. ते नाव टॅगमध्ये नसेलच तर नल देतं. नाव आहे पण समोर काही लिहिलेलं नाही, तर रिकामी स्ट्रिंग. नल आणि रिकामी स्ट्रिंग यांतला हा फरक बारीक वाटतो, पण बटणाच्या बाबतीत तोच अंगाशी येतो.

<बटन डिसेबल्ड> असं लिहिलं की बटण बंद होतं. <बटन डिसेबल्ड="फॉल्स"> असं लिहिलं तरी बंदच होतं, कारण अशा बूलियन ॲट्रिब्यूटमध्ये समोर काय लिहिलंय याला किंमत नाही, नाव आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. आता कोणी इफ(बटण.गेटॲट्रिब्यूट("डिसेबल्ड")) अशी तपासणी लिहिली, तर पहिल्या बटणावर हाती रिकामी स्ट्रिंग लागते, जावास्क्रिप्ट तिला खोटं मानतं आणि बंद बटण चालू ठरतं. दुसऱ्या बटणावर "फॉल्स" ही भरलेली स्ट्रिंग मिळते, ती खरी मानली जाते आणि उत्तर योगायोगाने बरोबर येतं. चुकीच्या कोडने कधीमधी बरोबर उत्तर द्यावं यासारखी कटकट नाही, कारण मग चूक शोधायला कोणी जातच नाही. इथे हॅजॲट्रिब्यूट विचारावं किंवा सरळ बटण.डिसेबल्ड ही प्रॉपर्टी वाचावी. ती चोख ट्रू किंवा फॉल्स देते.

आणि याच्या अगदी उलटं वागणारी मंडळीही एचटीएमएलमध्ये आहेत. पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला एखादा मेनू उघडा आहे की मिटलेला हे सांगणारं एरिया-एक्स्पांडेड घ्या. तिथे "फॉल्स" लिहिलं तर त्याचा अर्थ खरोखरच ‘मिटलेला’. ड्रॅगेबल, कंटेंटएडिटेबल हेही त्याच पंगतीतले. अशा वेळी आलेली स्ट्रिंग "ट्रू" आहे का, अशी अक्षरशः तुलना करावी लागते. कोणतं ॲट्रिब्यूट कोणत्या पंगतीतलं हे तर्काने कळत नाही, माहीत करून घ्यावं लागतं. भाषेची रचना चांगली असती तर हे पाठ करावं लागलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिंकची गोष्ट वेगळी आहे. एचरेफमध्ये तुम्ही "निकाल.एचटीएमएल" एवढंच लिहिलंत तर गेटॲट्रिब्यूट तेवढंच परत देईल. एचरेफ ही प्रॉपर्टी मात्र संकेतस्थळाच्या नावासकट अख्खा पत्ता देते, कारण ब्राउझरला जायचं असतं तिथे. शिवाय फाइलचं नाव देवनागरीत असेल तर त्या पत्त्यात त्याची टक्केचिन्हांची माळ झालेली असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. ‘निकाल’मध्ये काना-वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पत्त्यात पंचेचाळीस अक्षरं. मेनूतली चालू पानाची लिंक ठळक करण्यासाठी कोणी लिंक.एचरेफची तुलना "निकाल.एचटीएमएल"शी केली, तर ती जन्मात जुळणार नाही.

प्रॉपर्टी अशी समजून-उमजून बोलते, ॲट्रिब्यूट लिहिलेलं वाचून दाखवतं. इनपुटच्या टाइपमध्ये तुम्ही काही भलतंच लिहिलंत तर ॲट्रिब्यूट ते भलतं जसंच्या तसं देईल, पण टाइप ही प्रॉपर्टी "टेक्स्ट" म्हणेल, कारण ओळखता न आलेला प्रकार ब्राउझर साधा मजकुराचा रकाना धरतो. तारखेचा रकाना सगळ्या ब्राउझरांत नव्हता त्या काळी जाणत्यांनी याचाच उपयोग करून घेतला. टाइपला "डेट" लिहायचं आणि लगेच प्रॉपर्टी वाचायची. "टेक्स्ट" आलं की समजायचं, या ब्राउझरला तारीख कळत नाही, स्वतःचं कॅलेंडर जोडा.

नावांचा घोळ थोडक्यात. क्लास आणि फॉर हे शब्द जावास्क्रिप्टने स्वतःकडे राखून ठेवलेले होते, म्हणून प्रॉपर्टीची नावं क्लासनेम आणि एचटीएमएलफॉर अशी पडली. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या प्रमाणानंतर टिंबापुढे राखीव शब्द चालू लागले, पण तोवर नावं रुळली होती. रिॲक्ट वापरणारे ती अजून रोज लिहितात.

या भेदाने सर्वांत जास्त छळलं ते इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळात. सातव्या आवृत्तीपर्यंत त्या ब्राउझरने ॲट्रिब्यूट आणि प्रॉपर्टी यांची एकच खिचडी केलेली होती. गेटॲट्रिब्यूट("क्लास") विचारलं तर काही मिळत नसे, तिथे "क्लासनेम" विचारावं लागे. स्टाइल मागितली तर मजकुराऐवजी एक ऑब्जेक्ट हाती येई. लिंकमध्ये लिहिलेला मूळ पत्ता हवा असेल तर गेटॲट्रिब्यूटला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून २ हा आकडा द्यायचा, ही क्लृप्ती त्या वेळच्या प्रत्येक वेब डेव्हलपरला पाठ होती. २००९ च्या आठव्या आवृत्तीत बराचसा गोंधळ मिटला. दरम्यान जेक्वेरी या लायब्ररीने ॲटर नावाच्या एकाच फंक्शनमागे हे सगळं झाकून टाकलं होतं, आणि त्या सोयीमुळे एक अख्खी पिढी दोन वाटा आहेत हेच विसरली. मे २०११ मध्ये जेक्वेरी १.६ ने ॲटर आणि प्रॉप असे दोन भाग केले, तेव्हा असंख्य पानांचे चेकबॉक्स बिनसले. त्याच महिन्यात १.६.१ काढून थोडी माघार घ्यावी लागली. माझ्या मते जेक्वेरीचा पहिला निर्णयच बरोबर होता, त्याला उशीर झाला एवढंच.

स्वतःची माहिती टॅगमध्ये ठेवायची असेल तर मनाला येईल ते नाव देऊ नये. ब्राउझरला अनोळखी असलेल्या ॲट्रिब्यूटची प्रॉपर्टी बनत नाही; ती मागितली तर अनडिफाइन्ड मिळतं. त्यासाठी एचटीएमएल५ ने ‘डेटा-’ या उपसर्गाची सोय केली. उपसर्ग रोमनच लागतो, पण त्यापुढचं नाव खरोखर देवनागरीत चालतं. समजा आंब्यांच्या यादीत एक ओळ आहे:

<एलआय डेटा-गाव="देवगड" डेटा-भाव="900">हापूस</एलआय>

ही ओळ ‘आंबा’ या व्हेरिएबलमध्ये घेतली की आंबा.डेटासेट.गाव विचारा, "देवगड" मिळतं. रोमन नावात आडवी रेघ असेल तर डेटासेटमध्ये ती गळते आणि पुढचं अक्षर कॅपिटल होतं. हा नियम फक्त रेघेनंतर रोमन लिपीतलं लहान अक्षर आलं तरच लागतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे डेटा-पिन-कोड यातलं ‘पिन-कोड’ देवनागरीत लिहिलं तर रेघ तशीच राहते. मग टिंब देऊन ते वाचता येत नाही, कारण जावास्क्रिप्टला ती रेघ वजाबाकीची वाटते. आंबा.डेटासेट["पिन-कोड"] असं चौकोनी कंसात मागावं लागतं. इंग्रजीतल्या शिकवण्यांमध्ये हे सापडत नाही, त्यांना गरजच पडत नाही.

भावाचं बघा. आंबा.डेटासेट.भाव + 50 केलं तर साडेनऊशे येत नाहीत, "90050" येतं, कारण डेटासेटमधूनही स्ट्रिंगच हाती लागते आणि स्ट्रिंगला अधिक केलं की शेपूट जोडलं जातं. आधी नंबर() करून घ्यावं. पण मूळ नोंदच देवनागरी आकड्यांत, "९००" अशी असेल तर नंबर() हात वर करतं आणि ‘नॅन’ देतं, म्हणजे हा आकडाच नव्हे. तेव्हा डोळ्यांना दिसणारा मजकूर खुशाल देवनागरी आकड्यांत असू द्या, ॲट्रिब्यूटमध्ये मात्र 900 हेच लिहा.

मॅक्सलेंग्थलाही हाच नियम. "५०" लिहिलं तर गेटॲट्रिब्यूट निमूटपणे "५०" देईल, मॅक्सलेंग्थ ही प्रॉपर्टी -1 म्हणेल, म्हणजे मर्यादा नाही, आणि रकान्यात लोक हवं तेवढं लिहीत सुटतील. शिवाय ही मर्यादा आपण अक्षरं म्हणतो ती मोजतच नाही. ‘ज्ञानेश्वरी’ आपल्या हिशेबी चार अक्षरं. ब्राउझर काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं धरून अकरा मोजतो. नावासाठी इंग्रजीच्या अंदाजाने पंधराची मर्यादा घातलेल्या फॉर्ममध्ये ‘ज्ञानेश्वरी कुलकर्णी’ला आडनाव पुरं करता येणार नाही.

जाता जाता एक ताकीद. ॲट्रिब्यूट आपल्याला वाचता येतं तसं पानावर आलेल्या कोणालाही वाचता येतं, बदलताही येतं. ऑनलाइन चाचणीत डेटा-उत्तर असं ठेवलं तर पहिलं पारितोषिक एफ-१२ माहीत असलेल्या मुलाला मिळेल. दुकानाच्या पानावरचा भावही हिशेबासाठी सर्व्हरनेच आपल्याकडच्या नोंदीतून घ्यावा.

शेवटी लँग. पान कोणत्या भाषेत आहे हे सांगणारं हे ॲट्रिब्यूट एचटीएमएल टॅगवर असतं. मराठीची खूण ‘एमआर’. स्क्रीन रीडर कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते यावरून ठरवतात. मोफत मिळणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी आहे, पण पान मराठी असल्याचं त्याला कोणीतरी सांगायला हवं. काही फॉन्ट याच नोंदीवरून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ निवडतात. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत पानाची भाषा नोंदवणं ‘ए’ या किमान पातळीवरच सक्तीचं आहे.

वाचताना एवढं ध्यानात ठेवायचं की लँगचा परिणाम आतल्या सगळ्या टॅगांना लागू होतो, पण प्रॉपर्टी फक्त स्वतःच्या टॅगवर लिहिलेलं सांगते. एखाद्या परिच्छेदाला परिच्छेद.लँग विचारलं तर रिकामी स्ट्रिंग येईल, जरी पान मराठी असलं तरी. त्यासाठी परिच्छेद.क्लोजेस्ट("[लँग]") असं म्हणून वरच्या जवळच्या नोंद असलेल्या टॅगपर्यंत जावं आणि त्याची लँग वाचावी.

दुर्दैवाने ही नोंद बहुतेक वेळा कोणी मुद्दाम केलेलीच नसते. व्हीएस कोडमध्ये कोऱ्या एचटीएमएल फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबला की आयता साचा येतो आणि त्यात लँग="ईएन" असतं. खाली पूर्ण मजकूर मराठी भरला तरी वरची ती दोन अक्षरं बदलायचं राहून जातं. डोळसांना काहीच फरक दिसत नाही, पण ऐकून वाचणाऱ्याच्या बाबतीत मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती जातो.

तुमच्या शाळेचं, ग्रामपंचायतीचं, मासिकाचं किंवा मंडळाचं मराठी पान आज उघडा, कन्सोलमध्ये डॉक्युमेंट.डॉक्युमेंटएलिमेंट.लँग टंका आणि एंटर दाबा. ‘एमआर’ आलं नाही तर पान सांभाळणाऱ्याला कळवा; दुरुस्ती दोन अक्षरांची आहे.